मोटारीला वळसा, सायकलला सरळ वाट : रस्त्यांची वीण आणि सायकल

मुठाकाठ (धागाकर्ता)

नेदरलँड्समधल्या हाउटेन या गावात आमच्या घरापासून स्टेशन सायकलने दीड किलोमीटरवर आहे. तेच स्टेशन मोटारीने गाठायचं तर चार किलोमीटर पडतात. आधी उलट्या दिशेला, गावाबाहेरच्या वळसा-रस्त्यावर जायचं, त्यावरून अर्धी प्रदक्षिणा घालायची आणि मग पुन्हा आत शिरायचं. सायकल मात्र घरामागच्या झाडीतून निघते ती थेट स्टेशनापाशी. इथे राहायला आलो त्या पहिल्या महिन्यात मी स्टेशनसाठी तीनदा मोटार काढली. त्यानंतर एकदाही नाही. मला कोणी समजवायला आलं नव्हतं, दंडही नव्हता. रस्तेच असे जोडलेले होते की मोटार काढणं वेळखाऊ ठरत होतं.

मी नारायण पेठेत वाढलो. शाळा, क्लास, तालीम, दळण, सगळं सायकलवर. आता अकरा वर्षं इकडे आहे. पुण्यातल्या मित्रांशी सायकलचा विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक, ट्रॅक बांधले की लोक चालवतील. दुसरी, आपल्याकडचं ऊन, चढ आणि माणसांच्या सवयी पाहता हे जमायचं नाही. मला या दोन्हींच्या आधीचा प्रश्न सारखा टोचतो. शहरातले रस्ते एकमेकांना कसे जोडलेत, आणि कोणासाठी जोडलेत? म्हणून हा धागा.

हाउटेन हे उट्रेख्त शहराच्या दक्षिणेचं गाव. १९६०च्या दशकात काही हजार वस्तीचं खेडं होतं. उट्रेख्तची वाढती लोकसंख्या सामावून घ्यायला ते वाढवायचं ठरलं आणि आराखड्याचं काम रॉब डेर्क्स या वास्तुरचनाकाराकडे आलं. त्यांनी गावाभोवती मोटारींसाठी गोल रस्ता आखला. आतल्या वस्त्यांना या गोल रस्त्यावरून शिरता येतं, पण मोटारीला एका वस्तीतून थेट शेजारच्या वस्तीत जाता येत नाही. पुन्हा बाहेर या, गोल फिरा, पुढच्या फाट्याने आत जा. सायकलसाठी मात्र गावाच्या मधोमध हिरव्या पट्ट्यातून कणा जातो आणि त्याच्या फासळ्या प्रत्येक वस्तीत शिरतात. शाळा आणि दुकानं या कण्याच्या आसपास, स्टेशन मध्यावर. आज गावात ५० हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि २००८ व २०१८ अशी दोनदा या गावाला देशातलं उत्तम सायकल-शहर म्हणून निवडलं गेलं. माझी मुलगी नऊ वर्षांची झाल्यापासून एकटी शाळेत जाते. वाटेत तिला मोटारींचा एकही मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही.

हे नवं वसवलेलं गाव, कोऱ्या कागदावर काहीही काढता येतं, असं कोणी म्हणेल. म्हणून ग्रोनिंगन या दुसऱ्या डच शहराचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. ते मध्ययुगापासूनचं शहर, गल्ल्या अरुंद, मध्ये मोठा बाजारचौक. १९७०च्या दशकात तिथला गावठाण भाग मोटारींनी गच्च भरला होता. मॅक्स फान डेन बर्ग या तिशीतल्या तरुण नगरसदस्याच्या पुढाकाराने सप्टेंबर १९७७मध्ये तिथे वाहतूक फिरवण्याची योजना आली. गावठाणाचे चार भाग पाडले. मोटारीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जायची मुभा काढून घेतली. बाहेरच्या वळसा-रस्त्यावर जाऊनच दुसऱ्या भागात शिरायचं. चालणाऱ्यांना आणि सायकलला चारही भाग खुले. दुकानदारांनी कडाडून विरोध केला, पण योजना टिकली. यात रस्ता फोडला नाही, वाडे पाडले नाहीत. काही रस्ते एकदिशा झाले, पाट्या बदलल्या, काही ठिकाणी अडथळे उभे राहिले. आज शहरातल्या आतल्या प्रवासांपैकी निम्म्याहून जास्त सायकलवर होतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्याकडे ती कधीच बोलली जात नाही. डच लोकांनीही आधी आपल्यासारखंच केलं होतं. १९७०च्या दशकाच्या मध्यात टिलबर्ग आणि द हेग या शहरांत सरकारी पैशाने एकेक उत्तम सायकलमार्ग बांधला. रुंद, रंगीत, नमुनेदार. झालं काय, तर आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलवाले त्या मार्गावर आले आणि शहरातलं एकूण सायकल चालवणं फारसं वाढलं नाही. त्यातून धडा घेऊन १९८०च्या दशकात डेल्फ्टमध्ये सबंध जाळं विणायला घेतलं, तीन पातळ्यांचं. शहरभर जाणारे मार्ग साधारण ५०० मीटर अंतरावर, भागातले २०० ते ३०० मीटरवर, आणि गल्लीबोळातले १०० मीटरच्या आसपास. नवे रस्ते फार बांधलेच नाहीत. कालव्यावर पूल, रेल्वेखालून भुयार, एकदिशा रस्त्यावर सायकलला उलट जायची मुभा, असे तुटलेले टाके जोडले. सायकलचा वाटा ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. तीनच टक्के वाटतील, पण आधीच ४०वर असलेल्या गावात ते मिळवणं सोपं नाही.

तुमच्या गावात सायकलची वाट कुठे तुटते? शक्य असेल तर अगदी चौकाचं किंवा गल्लीचं नाव घेऊन लिहा.

---

रहाटगाडगं

मुठाकाठ, मनापासून लिहिलंय. पुण्यात आपण हेच एकदा केलंय, फक्त त्याला नाव दिलं नाही. झेड ब्रिज. डेक्कनवरून नारायण पेठेत उतरणारा, फक्त दुचाकींसाठीचा पूल. चारचाकीला लकडी पुलावरून किंवा आणखी लांबून जायचं, दुचाकीला थेट. तुमच्या ग्रोनिंगनचंच तत्त्व. फरक एवढाच की त्यावर आज सायकलपेक्षा मोटारसायकली शंभरपट आहेत. म्हणजे ज्याला थेट वाट दिली ते वाहन फोफावलं. पुलाने आपलं काम चोख केलं, आपण ते कोणासाठी करून घेतलं एवढाच प्रश्न.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. शनिवार पेठेतून सायकलने जायचे. पाळी सुटली की पुलावर सायकलींचा लोंढा यायचा, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. "सायकलींचं शहर" म्हणायचे ते उगीच नव्हे. पण तेव्हाचं पुणं आठवा. कोथरूड गाव होतं, हडपसर गाव होतं. सगळं काम तीन-चार किलोमीटरच्या आत. आणि पेठांची वीण अशी की कुठूनही कुठे जायला चार वाटा. हा रस्ता भरलाय तर त्या बोळातून, तो बोळ बंद तर पलीकडच्या आळीतून. नंतर शहर वाढलं ते मोजक्या लांब रस्त्यांच्या कडेने: सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, सिंहगड रस्ता, नगर रस्ता. त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या वाटा फारच कमी. विकास आराखड्यात काढलेल्या कितीतरी जोडरस्त्यांना वर्तमानपत्रंच "मिसिंग लिंक" म्हणतात. त्यामुळे सायकलवाल्यालाही त्याच मोठ्या रस्त्यावर यावं लागतं जिथे बस, ट्रक, डंपर आहेत.

ट्रॅक आखून काही उपयोग नाही असं माझं म्हणणं नाही. पण सातारा रस्त्याला समांतर, आतल्या आत, तुटक न होता जाणारी एक तरी गल्ल्यांची माळ आहे का? मी शोधली. नाही सापडली. दर सातशे-आठशे मीटरवर नाला, भिंत किंवा कुठली तरी बंद जागा आडवी येते.

---

ओसरी

विषय चांगला आहे, पण मला काळजी वाटते ती लिहितो. मी सदाशिव पेठेत राहतो, वय ६८. आई ९१ वर्षांची आहे. तिला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. रिक्षा दारात यावी लागते, प्रसंगी रुग्णवाहिका यावी लागते. पेठांमध्ये मोटारी बंद करा असं कोणी म्हटलं की माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. शिवाय आमच्याकडे सगळीकडे एकदिशा आहेच की. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता. म्हणजे वळसा आजही घालावाच लागतो. मग सायकली का वाढल्या नाहीत?

---

मुठाकाठ

ओसरी काका, तुमची काळजी रास्त आहे आणि याचं उत्तर नीट द्यायला हवं.

ग्रोनिंगनमध्ये रहिवाशाच्या दारापर्यंत मोटार आजही जाते. बंद केलं आहे ते आरपार जाणं. तुमच्या आळीत येणारी रिक्षा येईल आणि आल्या बाजूने परत जाईल. पण डेक्कनवरून स्वारगेटला निघालेला माणूस तुमची आळी आडवाट म्हणून वापरू शकणार नाही. उलट त्याने आळी मोकळी राहते आणि रुग्णवाहिकेला वाट लवकर मिळते. बेल्जियममधल्या गेन्टने ३ एप्रिल २०१७ला हेच केलं. गावठाणाभोवती सहा भाग आणि मधला भाग चालणाऱ्यांचा. तिथे ज्यांना गरज आहे अशांना परवाने दिले, आणि बरेचसे अडथळे खांबांऐवजी पाटी व कॅमेऱ्याचे ठेवले, म्हणजे अग्निशमन दलाला अडचण नको.

तुमचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या एकदिशा रस्त्यांनी वळसा घातला, पण तो सगळ्यांनाच घातला. सायकलवाल्यालाही. मोटारीला वळशाचे ८०० मीटर म्हणजे एक-दोन मिनिटं. सायकलवाल्याला तेच ८०० मीटर पायाने मारावे लागतात, म्हणून तो नियम मोडून उलटा येतो आणि शिव्या खातो, किंवा सायकल सोडून देतो. आणि एकदिशा रस्ता रुंद, मोकळा, समोरून कोणी येत नाही असा झाला की गाड्यांचा वेग वाढतो. म्हणजे सायकलवाल्याची वाट लांबली आणि धोकाही वाढला.

बेल्जियमने २००४पासून नियमच उलटा केला. एकदिशा रस्ता पुरेसा रुंद असेल आणि वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर किंवा कमी असेल तर सायकलला दोन्ही बाजूंनी मुभा, काही खास कारण असेल तरच बंदी. ब्रुसेल्समधल्या कितीतरी अरुंद गल्ल्यांत एकदिशेच्या पाटीखाली "सायकल सोडून" अशी छोटी पाटी दिसते. समोरासमोर येणारे एकमेकांना पाहतात, त्यामुळे दोघंही हळू जातात.

---

तीन_गिअर

थोडं गणित मांडतो, कारण "वळसा" हा शब्द मोजता येतो.

दोन ठिकाणांमधलं रस्त्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. याला मी वळसा-गुणक म्हणतो. काटकोनी चौकटीच्या शहरात तुम्ही तिरकस दिशेला निघालात तर तो जास्तीत जास्त १.४१ होतो. सगळ्या दिशांची सरासरी काढली तर साधारण १.२७. म्हणजे चौकटीचं शहर तुम्हाला सरासरी पाव वाट जादा चालवतं, त्याहून जास्त नाही. इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९मध्ये आखलेला बार्सिलोनाचा नवा भाग घ्या, ११३ मीटरच्या चौरसांचा. कुठूनही कुठे जा, वाट हुकत नाही.

पण चौकटीची दुसरी बाजू: चौक. मधल्या रस्त्याची रुंदी धरून साधारण दर १३३ मीटरला एक. सायकलवाल्याला थांबणं किती महाग पडतं ते पाहा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. थांबून पुन्हा तो वेग गाठायला साधारण ७४० ज्यूल लागतात. सपाट रस्त्यावर त्याच वेगाने चालवायला ६० वॉटच्या आसपास पुरतात. म्हणजे एक थांबा = १२ सेकंदांची मेहनत = सुमारे ५० मीटर जादा वाट. दर १३३ मीटरला थांबलात तर पायांच्या दृष्टीने तुमचा रस्ता जवळजवळ १.४ पट झाला. मोटारवाल्याला याचा पत्ताच लागत नाही, त्याचा फक्त अंगठा दुखतो.

म्हणून बार्सिलोनात साल्वादोर रुएदा या नगररचनातज्ज्ञांची महाचौरस (सुपरब्लॉक) कल्पना आली. तीन गुणिले तीन चौरस एकत्र धरायचे, साधारण ४०० मीटरचा मोठा चौरस. आरपार मोटारी कडेने, आतले रस्ते फक्त तिथल्यांसाठी आणि सावकाश. २०१६मध्ये तिथल्या पोब्लेनौ भागात सुरुवात झाली. चौकट तीच, पण आतल्या चौकांवर सिग्नलची गरजच उरत नाही. दुरून पाहिलं तर तुमच्या डेल्फ्टचं ५०० मीटरचं जाळं आणि हा ४०० मीटरचा चौरस एकाच आकड्याभोवती फिरतात, हे मला फार आवडलं.

एक दुरुस्ती, वर "अंगठा" नव्हे, पायाचा चवडा लिहायचं होतं.

---

सुमिदाकाठी

मुठाकाठ, नदीकाठची मीही, फक्त नदी वेगळी. तोक्योमध्ये सात वर्षं आहे. इथे सायकल ट्रॅक म्हणावेत असे फार नाहीत. तरी सकाळी आया एक मूल पुढे, एक मागे, टोपलीत भाजी अशा सायकली चालवत असतात. आजोबा-आजीही.

कारण शोधता शोधता मला जे दिसलं ते असं. मोठे रस्ते लांब-लांब आहेत आणि त्यांच्या मधला सगळा भाग चार-पाच मीटर रुंदीच्या गल्ल्यांचा. त्या गल्ल्या एकमेकींत शिरतात, वाकतात, पण बहुतेक ठिकाणी आरपार निघतात. आणि त्यांत मोटारी उभ्या नसतात. १९६२चा कायदा आहे: गाडी घ्यायची तर आधी ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला द्यायचा. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. त्यामुळे चार मीटरची गल्ली खरोखर चार मीटरची राहते. मोटार येऊ शकते, पण तिला घाई करता येत नाही.

हे पाहिलं की मला पेठांची, गिरगावची, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेची आठवण येते. वीण तीच आहे हो. आपल्याकडे सायकलचं सर्वांत चांगलं जाळं आधीच बांधून तयार आहे, फक्त त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या आहेत.

---

टेम्सपार

एक सावधगिरीचा मुद्दा. सायकलचं जाळं चांगलं असलं की लोक चालवतातच असं नाही. इंग्लंडमधलं स्टीव्हनेज पाहा. एरिक क्लॅक्स्टन नावाचे अभियंते, स्वतः सायकलवाले. युद्धानंतर वसवलेल्या त्या नव्या गावात त्यांनी सायकलसाठी वेगळे मार्ग बांधले, मोठ्या चौकांखालून भुयारं काढली, कुठे तुटू दिलं नाही. मिल्टन कीन्समध्येही मोटारींच्या किलोमीटरभराच्या चौकटीत पायी आणि सायकलसाठी लाल वाटांचं लांबलचक जाळं आहे. दोन्ही गावांत सायकलचा वाटा इंग्लंडच्या सरासरीच्या आसपासच राहिला.

का? कारण त्याच आराखड्यात मोटारींचे रस्तेही तितकेच प्रशस्त, थेट आणि विनाअडथळा आखले. पार्किंग मुबलक. दोघांनाही सरळ वाट दिली, माणसाने मोटार निवडली. मिल्टन कीन्सच्या लाल वाटा तर मोटाररस्त्यापेक्षा जास्त वळणं घेत जातात. हाउटेन आणि स्टीव्हनेज यांच्यातला फरक सायकलच्या वाटेचा नाहीच. तो मोटारीच्या वाटेचा आहे.

---

मुठाकाठ

टेम्सपार, खूप आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं. वळसा हाच गाभा आहे आणि नेमका तोच भाग राजकारणात जड जातो. ट्रॅक बांधायला कोणी विरोध करत नाही, कारण त्यात कोणाची वाट लांबत नाही.

---

खाडीपलीकडे

नवी मुंबईचं लिहितो, कारण तेही नियोजित शहर. सिडको १९७०मध्ये स्थापन झाली, शहर नोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या उपनगरांत वाटलं: वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर वगैरे. एका नोडच्या आत सेक्टरमधले रस्ते सायकलला खरंच बरे आहेत. झाडं आहेत, वेग कमी आहे. माझी मुलं तिथेच शिकली सायकल.

अडतं ते एका नोडमधून दुसऱ्यात जाताना. मग पाम बीच, सायन-पनवेल किंवा ठाणे-बेलापूर रस्ताच घ्यावा लागतो. त्यांवर गाड्या ऐंशीने जातात. आणि रेल्वेमार्गाने पूर्व-पश्चिम तोडलेलं, ओलांडायचं तर स्टेशनचं भुयार किंवा उड्डाणपूल. म्हणजे हाउटेनच्या उलटं चित्र. तिकडे वस्ती ते वस्ती सायकल सरळ जाते आणि मोटारीला बाहेर पडावं लागतं. इकडे मोटार सरळ जाते आणि सायकलवाल्याने जीव मुठीत धरून हमरस्त्यावर यायचं. खाडीकाठाने, पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांच्या बांधावरून कितीतरी वाटा आहेत, त्या जोडल्या तर नोड आतल्या आत जोडले जातील. आज रविवारी सकाळी महागड्या सायकलींवर येणारे दिसतात ते पाम बीचवर. रोज सकाळी डबा कॅरिअरला लावून कारखान्यात जाणारे दिसतात ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर, अंगावर रिफ्लेक्टरही नसतो. माझी काळजी या दुसऱ्या लोकांची आहे.

---

उंबराचं_झाड

मी बाणेर भागात राहते. हा धागा दोनदा वाचला आणि काल संध्याकाळी टेप नाही, पण फोनवर अंतरं मोजली.

मुलाची शाळा आमच्या इमारतीच्या गच्चीवरून दिसते. सरळ रेषेत ४०० मीटर. रस्त्याने २.१ किलोमीटर. तीन_गिअर यांच्या हिशेबाने गुणक पाचाच्या वर गेला. कारण मध्ये शेजारची सोसायटी आहे, आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक आहे आणि त्याला सहा वर्षांपासून कुलूप आहे. पलीकडच्या सोसायटीचं मागचं दार शाळेच्या गल्लीत उघडतं. फाटक उघडलं तर मूल घरातून निघून पाच मिनिटांत शाळेत, एकही मोठा रस्ता न ओलांडता. आता मुख्य रस्त्यावर यायचं, सिग्नल, यू-टर्न. दहा वर्षांच्या मुलाला तिथून सायकलवर एकटं पाठवायची माझी हिंमत नाही. म्हणून मी रोज गाडी काढते. शाळेच्या दारात लागणाऱ्या रांगेत माझीही एक गाडी असते आणि त्या रांगेमुळेच इतर आया मुलांना सायकल देत नाहीत.

कुलूप का आहे हे विचारलं तर म्हणाले, एकदा चोरी झाली होती. कधी, कोणाला नीट सांगता आलं नाही. आमच्याकडे प्रत्येक सोसायटी अशीच. पाच-सहा एकरांची, चारी बाजूंनी भिंत, एक फाटक. सगळ्यांची तोंडं एकाच रस्त्याला. आपल्या शहराच्या नव्या भागाची वीण महापालिकेने नाही, भिंतींनी ठरवलीये असं मला आता वाटायला लागलंय.

---

रहाटगाडगं

ताई, हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. जुन्या वाड्यांत दोन दारं असायची, पुढच्या आळीत एक, मागच्या बोळात एक. आम्ही पोरं वाड्यांतून आरपार पळायचो. मोठी माणसं ओरडायची, पण दार लावत नसत.

---

तीन_गिअर

उंबराचं_झाड, एक सुचवतो. फाटक "कायमचं उघडा" असं मागू नका. शाळेच्या वेळेपुरतं, ठरावीक महिने, राखणदार तिथे उभा असताना, असं मागा. आणि नकाशा काढून न्या, एकच पान. ४०० मीटर आणि २.१ किलोमीटर या दोन रेघा शेजारी शेजारी. बोलण्याने जे पटत नाही ते रेघ पटवते, हा माझा अनुभव.

---

गिरणगाव_सोलापूर

उशिरा वाचतोय. आमच्याकडे गिरण्या होत्या तेव्हा पाळी बदलली की भोंग्याबरोबर सायकली सुटायच्या. गिरणीच्या भोवतीच चाळी, चाळींतून गिरणीच्या फाटकाकडे चारी बाजूंनी वाटा. कामगाराला कुठे वळसा नव्हता. आता कारखाने शहराबाहेर वसाहतीत, आणि तिथे जायला एकच हमरस्ता. यंत्रमागावरची माणसं अजून सायकल चालवतात, परवडतं म्हणून. त्यांच्यासाठी कोणी आराखडा काढलेला मी पाहिला नाही.

---

ओसरी

मुठाकाठ, तुमचं उत्तर वाचून परवा संध्याकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी अर्धा तास बसून गाड्या मोजल्या. आत आलेल्या ६३ दुचाकी आणि ११ चारचाकी. त्यांपैकी आळीत थांबलेल्या फक्त १४. बाकी सगळे आरपार निघून गेले. आईच्या रिक्षासाठी मी ज्या रस्त्याचा हक्क राखू पाहत होतो, तो रस्ता मला मिळतच नव्हता. पाटी बदलण्याबद्दल आळीतल्या चार जणांशी बोललो आहे. दोन तयार आहेत, दुकानदार नाहीत.

---

मुठाकाठ

काका, हे वाचून फार बरं वाटलं. दुकानदारांशी बोलताना त्यांच्या दुकानापुढेच अर्धा तास मोजा. दारातून जाणारे किती आणि थांबणारे किती, हे त्यांच्याबरोबर बसून मोजलं तर आकडा त्यांचा होतो.

पुण्याचा सायकल आराखडा २०१७च्या डिसेंबरात मंजूर झालाय, त्यात शेकडो किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. तुमच्या आळीसारख्या जागा त्यात कुठे बसतात हे पाहायला हवं. मी नकाशा काढून बसतो या शनिवारी.

---

उंबराचं_झाड

दीड महिन्याने परत लिहितेय. एका पानाचा नकाशा घेऊन दोन्ही सोसायट्यांच्या सभेला गेले. आमच्याकडे एका तासात झालं. पलीकडे तीन सभा लागल्या. शेवटी ठरलं ते असं: फाटक सकाळी ७ ते ८.१५ उघडं, तीन महिने, किल्ली त्यांच्या राखणदाराकडे, सायकल फाटकातून हातात धरून न्यायची.

पहिल्या दिवशी नऊ मुलं गेली. काल सतरा होती, त्यांतल्या चार मुली शेजारच्या तिसऱ्या सोसायटीतल्या. त्यांच्या आयांनी मला शोधून काढून विचारलं, आमच्या भिंतीतही असं फाटक पाडता येईल का.

दुपारी शाळा सुटते तेव्हा मात्र कुलूप असतं. त्यामुळे सकाळी सायकलवर गेलेला मुलगा आणि त्याची सायकल, दोघांना आणायला मी दुपारी गाडी काढते. पुढची सभा २२ तारखेला आहे. दुपारची आकडेवारी काय काय जमवून नेऊ, ते सांगा.